वाढत्या तालुक्यात राहणं आणि धंदा करणं : खेड-चाकणचा पाठ



परिसर अभ्यासात ‘लोकांचे व्यवसाय’ हा भाग शिकवताना आपण फळ्यावर काय लिहितो? शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी. मुलं वहीत उतरवून घेतात, चित्रं चिकटवतात, पाठ संपतो. आता हाच पाठ पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, चाकणच्या आसपासच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत घेऊन बघा. ‘तुझ्या घरी काय काम करतात?’ असं विचारलं की उत्तरं येतात : ‘बाबांनी कंपनीला गाडी लावलीय’, ‘आमच्या खोल्या आहेत’, ‘काका लेबर पुरवतात’, ‘आमचा टँकर आहे’, ‘आई डबे देते’. यातलं एकही उत्तर फळ्यावरच्या यादीत बसत नाही. आणि गंमत म्हणजे याच मुलांच्या घरी कांदा असतो, गोठ्यात दोन म्हशी असतात, एखाद्याच्या दारात शर्यतीचा खिलार बैलसुद्धा असतो.

म्हणजे हे गाव आहे की शहर? मुलांना हा प्रश्न जरूर विचारा, पण उत्तराची घाई करू नका. शहराच्या जवळ असलेला, वेगानं वाढणारा ग्रामीण तालुका ही एक वेगळीच जागा असते. तिथे राहण्याचे आणि पोट भरण्याचे नियम वेगळे असतात. ते नियम मोठ्या माणसांनाही अजून पुरते कळलेले नसतात, म्हणून घरोघरी चुका होतात. पाचवीपर्यंतचं गणित आणि परिसर अभ्यास एवढ्या भांडवलावर यातलं बरंच समजावता येतं. या लेखात तोच प्रयत्न आहे. तुमची शाळा मुळशी, मावळ, शिरूर, भिवंडी किंवा नाशिकजवळच्या सिन्नरकडे असेल तर गावांची नावं बदला, पाठ बहुतेक तोच राहील.

आधी तालुका नीट पाहू

खेड तालुक्याचं मुख्य ठिकाण राजगुरुनगर. पूर्वी याच गावाला खेड म्हणत. हुतात्मा राजगुरूंचा जन्म १९०८ साली इथे झाला म्हणून गावाला त्यांचं नाव मिळालं, तालुक्याचं नाव मात्र खेडच राहिलं. नकाशावर तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे बघत जा. पश्चिमेला भीमाशंकरचं जंगल, मुसळधार पाऊस, भातखाचरं, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या-वस्त्या. मध्ये भीमा आणि भामा नद्यांची खोरी, त्यांवर चासकमान आणि भामा आसखेड ही धरणं. पूर्वेला कमी पावसाचा, जिरायती भाग. दक्षिणेला इंद्रायणीकाठची आळंदी. आणि पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण, पुण्यापासून साधारण ३० किलोमीटरवर.

चाकण हे कायमच वाटेवरचं गाव. चौथीच्या वर्गाला शिवरायांचा इतिहास असतोच, त्यामुळे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा किल्ला शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला, हे मुलांना सांगता येतं. तेवढ्यावर थांबू नका. ‘एवढी मोठी फौज या भुईकोटासाठी का अडकून पडली?’ असं विचारा. जुन्नर आणि पुण्याकडच्या वाटांवर हे ठाणं होतं. आज तिथेच पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता एकमेकांना छेदतात. त्या चौकात संध्याकाळी अडकलेल्या कंटेनरच्या रांगा पाहिल्या की वाटेवरच्या गावाचं महत्त्व आणि त्रास, दोन्ही कळतात.

कारखाने इथेच का आले?

१९६० नंतरच्या काळात पिंपरी-चिंचवड आणि भोसरीला कारखाने वाढले. मोठ्या वाहन कंपन्या आल्या, त्यांना लागणारे सुटे भाग बनवणारी लहान वर्कशॉप आजूबाजूला उभी राहिली. पुढे तिथली जागा भरली आणि महागली. नव्या कारखान्याला काय लागतं? सलग मोठी जमीन, वीज, पाणी, बंदराकडे जाणारा रस्ता आणि सुटे भाग बनवणारे जवळचे हात. चाकणला भोसरी हाकेच्या अंतरावर, तळेगावमार्गे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, तिथून थेट जेएनपीटी बंदर. एमआयडीसीनं टप्प्याटप्प्यानं जमीन घेतली. बजाजचा कारखाना १९९९ च्या सुमारास आला आणि २००९-१० च्या आसपास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा अशी मोठी नावं आली. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी, वराळे, भांबोली या गावांचा चेहरा पंधरा-वीस वर्षांत ओळखू न येण्याइतका बदलला.

एका गाडीला हजारो सुटे भाग लागतात. कंपनी ते सगळे स्वतः बनवत नाही आणि महिनाभराचा साठाही करून ठेवत नाही. साठा म्हणजे अडकलेला पैसा. म्हणून लागेल तसा माल दिवसातून अनेकदा टेम्पोनं येतो. रस्त्यावरच्या गर्दीचं एक मोठं कारण हे आहे. जे गोदामात असायला हवं होतं ते रस्त्यावर असतं! पाचवीच्या मुलांना हे एका वाक्यात कळतं. मोठ्यांना मात्र कोंडी म्हणजे फक्त पोलिसांचं दुर्लक्ष वाटतं.

सन २०११ च्या जनगणनेत खेड तालुक्याची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास होती. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, पण त्या आकड्यावर आज कुणी विश्वास ठेवणार नाही. २०१४-१५ च्या सुमारास राजगुरुनगर आणि चाकणला नगरपरिषदा आल्या. शेजारच्या म्हाळुंग्यासारख्या गावात मात्र ग्रामपंचायतच. म्हणजे वस्ती शहराची आणि कचरागाडी, गटार, नळ यांची जबाबदारी ग्रामपंचायतीची. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय झालं तेव्हा चाकण, आळंदी हा भाग त्यात गेला, राजगुरुनगर पुणे ग्रामीण पोलिसांकडे राहिलं. एकाच तालुक्यातल्या माणसाला तक्रार कुठे करायची हे गावागणिक वेगळं. नागरिकशास्त्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

गुंठा मैदानावर आखू या

या तालुक्यात सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द कोणता असेल, तर गुंठा. मुलं घरात तो दिवसातून दहा वेळा ऐकतात, पण गुंठा म्हणजे केवढा हे दाखवता येत नाही. मैदानावर आखून दाखवा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन. मीटरची टेप असेल तर साधारण १० मीटर बाय १० मीटर. कोपरा काटकोनात आला की नाही हे तपासायला एका बाजूवर ३ फुटांवर, दुसऱ्या बाजूवर ४ फुटांवर खूण करा, दोन खुणांमधलं तिरकं अंतर ५ फूट आलं पाहिजे. गवंडी हेच करतो. फक्कीनं चौकोन आखला की त्यात किती मुलं मावतात, किती खोल्या बसतील, कांद्याचे किती वाफे होतील हे मुलांनाच मोजू द्या. ४० गुंठ्यांचा एक एकर. आपलं मैदान किती गुंठ्यांचं निघतं ते काढा. मुलं एवढी रंगतात की मधली सुट्टी विसरतात.

मग खरी गोष्ट सांगायची. शेतजमिनीचे फार छोटे तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ सालीच तुकडेबंदीचा कायदा झाला. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा सहजासहजी वेगळा करून विकता येत नाही. या नियमात वेळोवेळी सवलती आल्या, अजूनही बदल होतात. पण मधल्या काळात काय झालं? कारखान्यात कामाला आलेल्या माणसाला घरापुरता एक-दीड गुंठा हवा होता, विकणाऱ्याला पैसे हवे होते. मग आठ-दहा अनोळखी माणसांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागली, काही व्यवहार तर नुसत्या नोटरीच्या कागदावर झाले. अशा जागेवर बँक कर्ज देताना मागे-पुढे पाहते, घर बांधलं तरी परवानगीचा प्रश्न राहतो, आणि एकानं विकायचं ठरवलं की बाकीच्यांच्या सह्यांसाठी वणवण.

पालकांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ग्रामपंचायतीनं घरपट्टीची पावती दिली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नाही. घरपट्टी हा कर आहे, परवानगी नव्हे. पीएमआरडीएच्या हद्दीतल्या गावात परवानगी पीएमआरडीएची, एमआयडीसीच्या क्षेत्रात एमआयडीसीची, नगरपरिषदेत नगरपरिषदेची. इसार देण्याआधी सातबारा, फेरफार आणि आठ-अ हे तीन उतारे काढून बघा. आता ते ऑनलाइन मिळतात. ‘ओळखीतला माणूस आहे’ हा चौथा उतारा नसतो!

एकदाचा पैसा आणि महिन्याचा पैसा

या तालुक्यात पैसा दोन वाटांनी घरात येतो. एक जमिनीचा, तो एकदाच येतो आणि भरपूर येतो. दुसरा भाडं, पगार, दूध, दुकान, गाडी यांचा, तो थोडा येतो पण दर महिन्याला येतो. या दोन पैशांतला फरक ज्या घराला कळला ते घर उभं राहिलं. ज्यांना नाही कळला त्यांच्यासाठी लोकांनी ‘गुंठामंत्री’ असा शब्द काढला. शब्द कुचेष्टेचा आहे, वर्गात वापरू नका. त्याच वर्गात त्या घरची मुलं बसलेली असतात.

चौथी-पाचवीला हे गणित घालून बघा. समजा, एका कुटुंबानं २० गुंठे विकले आणि ६० लाख रुपये आले. ३५ लाखांचा बंगला, १२ लाखांची गाडी, ८ लाखांचं लग्न. उरले किती? ५ लाख. आता दुसरं कुटुंब. तेवढेच ६० लाख बँकेत ठेवले, व्याज ६ टक्के धरलं, तर वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ३० हजार रुपये. मुद्दल तसंच. (महागाईनं त्या मुद्दलाची किंमत कमी होते हे सातवी-आठवीच्या मुलांना सांगा, लहानांना इतकंच पुरे.) तिसरं कुटुंब जमीन न विकता स्वतःच्या जागेवर १५ लाख खर्चून १० खोल्या बांधतं. भाडं खोलीला ४ हजार. दहाही खोल्या बाराही महिने भरलेल्या कधीच नसतात, म्हणून ८ धरा. महिन्याला ३२ हजार. त्यातून लाइट, पाण्याचा टँकर, संडासाची टाकी उपसणं, रंगरंगोटी यांचे ७ हजार वजा. उरले २५ हजार, वर्षाचे ३ लाख. पंधरा लाख फिटायला किती वर्षं? पाच. कर्ज काढून बांधल्या असतील तर व्याज मिळवा, मग किती? हे सगळे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या गावचे भाव मुलांना घरून विचारून आणायला सांगा, गणित जिवंत होतं.

मग शेतीचं काय? शेतकरी आळशी झाला, त्याला आयतं हवं, असं शहरातली माणसं सहज बोलून जातात. त्यांना कांद्याचं गणित दाखवा. चाकणचा बाजार कांद्यासाठी नावाजलेला, खेड बाजार समितीचं महात्मा फुले मार्केट यार्ड तिथेच आहे. कांदा चांगला आला, भाव मिळाला तर एका हंगामात घराचं सोनं होतं. पण ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली, ती मे २०२४ मध्ये उठली. चाळीत कांदा ठेवलेल्या शेतकऱ्याच्या हातात यातलं काय होतं? पाऊसही हातात नाही आणि भावही नाही. अशा माणसाला दहा खोल्यांचं नियमित भाडं हवंसं वाटलं तर त्यात आळस कुठला. पूर्वी या भागात चाळ म्हटलं की कांद्याची चाळ डोळ्यांसमोर यायची. आता भाडेकरूंची येते. एकाच शब्दात तालुक्याचा तीस वर्षांचा इतिहास सापडतो, भाषेच्या तासाला हा शब्द जरूर घ्या.

जमीन जाऊनही तिच्यातला वाटा राहू शकतो का? दोन उदाहरणं मोठ्या मुलांना आणि पालकसभेत सांगण्यासारखी आहेत. हडपसरजवळ मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन बिल्डरला विकली नाही, एकत्र येऊन कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत हिस्सा ठरवला. तिथल्या इमारतींच्या उत्पन्नात शेतकरी वाटेकरी राहिले. आपल्याच खेड तालुक्यात सेझसाठी कनेरसर, निमगाव भागात जमीन गेली तेव्हा १५ टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत द्यायचं ठरलं होतं. त्या परताव्यासाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं अर्ज, मोर्चे, आंदोलनं करावी लागली. कल्पना दोन्हीकडे चांगलीच होती. फरक हा की पहिल्या ठिकाणी निर्णय शेतकऱ्यांच्या हातात राहिला, दुसऱ्या ठिकाणी तो दुसऱ्याच्या टेबलावर गेला. पालकसभेत यावर अर्धा तास तरी चर्चा होते असा अनुभव आहे, आणि ती मुलांच्या गुणांवरच्या चर्चेपेक्षा जास्त कामाची असते.

छोटा धंदा कशावर चालतो?

कंपनी आली की गावातल्या प्रत्येकाला तिथे नोकरी लागेल, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. कायम नोकऱ्या थोड्या असतात, त्यांना ठरावीक शिक्षण लागतं, बाकीचं काम कॉन्ट्रॅक्टवर चालतं. पालकांनी हे लवकर समजून घेतलेलं बरं. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सीएनसी मशीन चालवणारा यांना मागणी असते आणि त्यासाठी आयटीआय लागतो, ओळख नव्हे. दहावीला गणित-विज्ञान कसंबसं काढून ‘नंतर बघू, कंपनी जवळच आहे’ म्हणणाऱ्या मुलाला गेटवर बारा तासांचं हेल्परचं काम मिळतं. भंगाराचे आणि लेबरचे ठेके मिळवण्यासाठी या पट्ट्यात ज्या मारामाऱ्या होतात त्याच्या बातम्या मुलंही वाचतात, मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ बघतात. तो ‘धंदा’ नाही, हे शिक्षकानं स्पष्ट बोलायला हवं. आपण गप्प बसलो तर मुलांना तो रुबाबच वाटतो.

याउलट खरे धंदे शांतपणे चालू असतात. डबे आणि मेस, कंपनीच्या बस, टेम्पो, लाकडी पॅकिंगच्या पेट्या, वेल्डिंगचं दुकान, दुधाचा रतीब, भाजीची गाडी, सलून, इस्त्री, पंक्चर, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. यातला डब्यांचा धंदा नीट बघा, कारण तो बहुतेक बायका चालवतात आणि त्याला जमीन लागत नाही. वीस डबे म्हणजे वीस बाहेरगावची माणसं. त्यातल्या सहा जणांना भात जास्त हवा, चौघांना पोळीऐवजी भाकरी, दोघांना तिखट चालत नाही. शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, म्हणजे डबा साडेपाचला तयार. पैसे पगार झाल्यावर, म्हणजे महिनाभराचा किराणा आधी स्वतःच्या खिशातून. ही उधारी जिला पेलते तिचा धंदा टिकतो. बचत गट इथे कामाला येतो. भागिले-गुणिलेची उदाहरणं पुस्तकात पेन्सिली आणि आंब्यांची असतात, त्याऐवजी या डब्यांची घाला. वर्गातली दोन-तीन मुलं एकदम ताठ बसतात, कारण हे त्यांच्या स्वयंपाकघरातलं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. छोट्या दुकानाला दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देता येते. खाण्याचा पदार्थ विकणाऱ्याला, अगदी घरून डबे देणाऱ्यालासुद्धा, अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी लागते. दोन्ही काम गावातल्या सेवा केंद्रात होतं. कंपनीच्या कॅन्टीनचं किंवा मोठ्या ऑर्डरचं काम हवं असेल तर हे कागद आधी विचारतात.

पाण्याचा हिशेब मात्र कुणाच्याच वहीत नीट लिहिलेला नसतो. भामा आसखेडचं पाणी २०२१ पासून पाइपलाइननं पुण्याच्या पूर्व भागाला जातं. ज्यांची जमीन धरणात गेली त्या गावांच्या पुनर्वसनाच्या मागण्या तेव्हाही चालू होत्या. धरण तालुक्यात, नळ शहरात आणि चाळीला टँकर. हे चित्र फळ्यावर काढा आणि ‘पाणी कुणाचं?’ असं विचारून गप्प बसा. मुलं जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

भाडेकरूचं मूल

वरच्या हिशेबात एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. महिन्याचा जो पैसा म्हटला, तो बहुतेक सगळा बाहेरून आलेल्या माणसांच्या जिवावर येतो. खोली त्यांनी घेतली, डबा त्यांनी खाल्ला, किराणा त्यांनी भरला. कुणी बीड-लातूर-नांदेडहून आलंय, कुणी विदर्भातून, कुणी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून. तो माणूस टिकला तर धंदा टिकला. आणि तो टिकतो कधी? बायको-मुलांना आणतो तेव्हा. बायको-मुलांना कधी आणतो? मुलाला शाळेत घेतात तेव्हा. गावच्या अर्थव्यवस्थेत जिल्हा परिषद शाळेची जागा ही अशी आहे. सरपंचांना शाळाखोली मागायला जाल तेव्हा हे असंच सांगा, पटकन पटतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ याबाबत स्पष्ट आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही थांबवता येत नाही आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. हे आपल्याला डी.एड.ला शिकवलेलं असतं, तरी दारात मूल आलं की आधी ‘आधार आहे का?’ हाच प्रश्न तोंडातून निघतो.

अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. आपली संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. समजा, त्या दिवशी पट ६० होता आणि दोन शिक्षक मंजूर झाले. दिवाळीनंतर कुटुंबं येतात आणि जानेवारीत वर्गात ७५ मुलं असतात. शिक्षक दोनच. एप्रिलमध्ये एखाद्या कंपनीची ऑर्डर संपली की त्यातली दहा मुलं कुणाला न सांगता दुसऱ्या गावी जातात आणि आपण त्यांना ‘शाळाबाह्य’ म्हणून शोधत बसतो. यावर शाळेच्या पातळीवर एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे मूल आलं की लगेच नोंद आणि पालकांचा चालू नंबर, शक्यतो गावच्या नातेवाइकांचाही. जाताना मूल कुठे गेलं हे त्या दुसऱ्या नंबरवरून कळतं.

खोल्यांच्या मालकांना, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अर्ध्या पालकांना, एक विनंती करता येईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. बरेच मालक करार करत नाहीत, भाडेकरू उद्या हक्क सांगेल अशी भीती वाटते म्हणून. खरं तर नोंदणी केलेला करार मालकाचंच रक्षण करतो, त्यात मुदत लिहिलेली असते. आणि करार नसला की त्या कुटुंबाला पत्त्याचा पुरावा नाही, पुराव्याशिवाय आधारवरचा पत्ता बदलत नाही, शिष्यवृत्तीच्या फॉर्मला दाखले मिळत नाहीत. एक कागद नसल्यानं मुलाची चार कामं अडतात.

भाषेचं म्हणाल तर लहान मुलं दोन-तीन महिन्यांत मराठी बोलायला लागतात, त्याची फार काळजी नको. शेजारी गावचं मूल बसवा, बाहेरगावच्यांची वेगळी रांग करू नका.

आता हा पाठ प्रत्यक्ष घ्यायचा असेल तर एक सर्वेक्षण करून घ्या. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर चाकणच्या आठवडे बाजारात किंवा आपल्या गावच्या मुख्य रस्त्यावर चार-चार मुलांचे गट करून, सोबत एक पालक घेऊन जा. दुकानदाराला तीनच प्रश्न विचारायचे : हा धंदा किती वर्षांचा, माल कुठून येतो आणि गिऱ्हाईक गावातलं जास्त की बाहेरगावचं. उत्तरं तक्त्यात लिहून वर्गात स्तंभालेख काढायचा. घरच्या माहितीसाठी मात्र वेगळी काळजी घ्या. ‘तुमची जमीन किती, किती विकली, कितीला विकली’ हे प्रश्न तक्त्यात अजिबात नकोत. भावकीचे वाद कोर्टात चालू असतात, काही घरांत विकल्याचं आजोबांना अजून सांगितलेलं नसतं. आणि ज्या मुलाच्या घरी सातबाराच नाही, त्याचा तो रकाना रिकामा राहतो.